चिमणीच्या दोन सीटा

ताडकाकूंना हे नाव कोणी ठेवलं ते विचारू नका. नवी नवरी म्हणून गल्लीत आल्या, घरात शिरताना चौकटीवर कपाळ आपटलं, आणि समोरच्या ओट्यावरची पोरं जे काही ओरडली ते चिकटलं ते चिकटलंच. बाई होतीच तशी ताडमाड. आणि नवरा? नवरा घड्याळजी. अंगापिंडाने इतका बेताचा, की दुकानात काउंटरमागे उभा राहिला तर गिऱ्हाइकाला वाटायचं बसलाय, आणि बसला की वाटायचं दुकानात कोणीच नाही.

लोक हसले. हसणारच. पण संसार म्हणाल तर दृष्ट लागावी असा. हा दिवसभर डोळ्याला भिंग लावून मुगाच्या डाळीएवढी चाकं फिरवणार, आणि ती डेअरीचा दुधाचा टँकर चालवणार, ज्याचं एक चाक नवऱ्याच्या छातीपर्यंत यायचं. अरुंद गल्लीत भरलेला टँकर उलटा घालावा तो ताडकाकूंनीच. डेअरीतले पुरुष ड्रायव्हर बघत राहायचे आणि मग उगाच घसा खाकरायचे.

फक्त एक गाडी काकूंनी इतकी वर्षं कधी चालवली नव्हती. ती म्हणजे घरातलीच चिमणी.

चिमणी म्हणजे घड्याळजींची लाल स्पोर्ट्स कार. जुन्या जमान्यातली, दोनच सीटा, वर छप्पर नाही, उंची कमरेइतकी. घड्याळजींनी ती एका शेतघराच्या मागून भंगारात उचलली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. सीटवर चक्क अंडी होती. कोंबड्या हाकलल्या आणि गाडीचं नाव ठेवलं चिमणी. मग कित्येक वर्षं दुकान बंद झालं की हा माणूस शेडमध्ये. नटबोल्टसुद्धा घड्याळाचे असावेत असे पुसायचा. मदतीला कोणाला घेईल तर शप्पथ. सीटांचं काम काढलं तेव्हा तर शेडला आतून कडी. काकूंनी चहा नेला तरी दाराच्या फटीतून हात बाहेर यायचा, कप आत जायचा, कडी परत लागायची.

गाडी तयार झाली त्या रविवारी काकूंनी हौसेने आधी चालकाच्या जागेवर बसून बघितलं. बसल्या कसल्या, अडकल्या! गुडघे स्टिअरिंगखाली रुतले आणि पुढच्या काचेची वरची चौकट बरोबर डोळ्यांसमोर आली. रस्ता बघायचा तर एक तर मान खाली घालून काचेतून बघा, नाही तर मान वर काढून वाऱ्यात बघा. घड्याळजींनी बगलेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं, दोघंही हसून हसून फुटपाथवर बसले. "तुझ्यासाठी नाही गं ही, टँकरवाली," ते म्हणाले. तेव्हापासून तो विषय संपला. काकूही हसल्या होत्या, पण मनात कुठेतरी खट्टू झाल्या. एवढा मोठा टँकर फिरवणारी मी, आणि हे खेळणं मला चालवता येऊ नये?

मग रविवार म्हटलं की ठरलेलं. घड्याळजी चालवणार, काकू शेजारी, थर्मासमध्ये चहा, आणि तळ्याच्या वळणापर्यंत जाऊन यायचं. वळणावर गाडी थांबवायची, चहा प्यायचा, पाण्याकडे बघायचं, परत. निघताना घड्याळजी एकदा शेजारी बघायचे आणि न चुकता म्हणायचे, "ताठ बस की गं."

"मी आहे ती बरी आहे," काकू म्हणायच्या.

बऱ्या कसल्या असणार! त्या मुद्दाम वाकून बसायच्या. नवऱ्याशेजारी वाकायची सवय लग्नाच्या फोटोपासूनची. फोटोत गुडघे दुमडले, समारंभात पाठीला पोक काढलं, बाजारात खांदे पाडून चालल्या. कोणी सांगितलं नव्हतं, घड्याळजींनी तर कधीच नाही. पण चारचौघांत आपल्या माणसाला कोणी मान वर करून आपल्याशी बोलताना बघू नये असं त्यांना वाटायचं. चिमणीत तर छप्परही नाही, सगळा गाव बघणार. म्हणून काकू सीटवर घसरून, पाठीची कमान करून बसायच्या. पहिल्याच रविवारी गाडी दुकानासमोरून गेली तेव्हा दुकानाच्या काचेत दोघं दिसले होते, आणि काय आश्चर्य, घड्याळजी चार बोटं उंच! काकूंना बरं वाटलं. घड्याळजी मात्र आनंदायचे सोडून काचेकडे बघतच राहिले, मग शेजारच्या सीटकडे बघितलं, मग डोकं खाजवलं. आपल्या नवऱ्याला आनंदसुद्धा धड होता येत नाही, असं काकूंना तेव्हा वाटलं होतं.

आता घड्याळजी नाहीत. दुकान दुसऱ्याने घेतलं. चिमणी शेडमध्ये चादरीखाली. काकू अधूनमधून जाऊन चादर उचलायच्या, चालकाच्या सीटमधल्या खळग्यावर हात ठेवायच्या आणि चादर परत टाकायच्या. तो खळगा घड्याळजींचा. इतकी वर्षं बसून चामड्याला पडलेला.

लेकीला हे दिसत होतं. लेक उंचीला थेट बापावर गेलेली, म्हणून घरात आणि गल्लीत छोटी. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत, तरी छोटीच. एका कारखान्याचे हिशेब बघते, डोकं तल्लख, पण स्टिअरिंगला हात लावायचा म्हटलं की हिला घाम फुटतो. टँकरवालीची पोर आणि सायकलच्या पुढे गेली नाही!

एके दिवशी तिनेच शेडमध्ये उभं राहून विषय काढला. "आई, उंदरांनी वायरी खाल्ल्यात. टायर बसलेत. उभी गाडी सडते, बाबाच म्हणायचे. तो जुन्या गाड्या जमवणारा माणूस परत फोन करत होता. निदान चालवेल तरी तिला. कोणी चालवणार नसेल तर देऊन टाकू या."

"मी चालवीन," काकू म्हणाल्या.

"आणि गुडघे कुठे ठेवशील? डिकीत?"

"सीटा बदलता येतात. बदलून घेईन."

"आणि नाहीच बसलीस तर?"

काकूंनी चिमणीवर चादर परत ओढली. "तर दे त्याला," त्या म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. चिमणी गेली तर रविवार गेले, आणि रविवार गेले तर मग घड्याळजींचं उरलं काय?

वायरी जोडल्या, टायर भरले, आणि टोचन करून गाडी सीटमास्तरांकडे नेली. हे मास्तर जुन्या गाड्यांच्या सीटा बनवणारे. ऐसपैस माणूस, ऐसपैस पोट, तोंडाचा पट्टा सतत चालू. कारखान्यात रेक्झिनची भेंडोळी, फोमचे ठोकळे, गोंदाचा वास. आणि मापाची तऱ्हा जगावेगळी. भिंतीशी एक लाकडी खोकं, समोर खांबावर बसवलेलं एक जुनं स्टिअरिंग. गिऱ्हाइकाला खोक्यावर बसवायचं आणि गप्पा मारायच्या.

"टेप कुठाय?" काकूंनी विचारलं.

"टेपसमोर माणसं खोटं बसतात, काकू. जाडे पोट आत घेतात, बुटके मान लांब करतात. तुम्ही बसा हो निवांत. टँकर चालवायचात म्हणे? एखाद्या अवघड वळणाचं सांगा की."

झालं. काकूंना तेवढंच हवं होतं. डेअरीमागच्या उताराचं वळण सांगता सांगता त्यांचे हात स्टिअरिंगवर चढले, पाठ सरळ झाली, मान वर गेली. मास्तरांनी बोलत बोलतच भिंतीवर खडूने डोक्याची रेघ मारली, गुडघ्याची मारली, कोपराची मारली. "वा! राजासारख्या बसता. आता जरा गाडीतल्या शेजारच्या सीटवर बसून दाखवा. जुन्या सीटवर पाठीला कुठे टेकतं ते बघू."

काकू चिमणीत शेजारच्या सीटवर बसल्या. आणि मास्तरांचा पट्टा पहिल्यांदाच थांबला.

"हे काय? पोतं ठेवल्यासारख्या काय बसलात? आत्ता तर बरोबर होतं!"

"इथे मी अशीच बसते," काकू जरा फणकाऱ्याने म्हणाल्या.

मास्तरांनी खांदे उडवले, बॅटरी घेतली आणि पोटासकट जमिनीवर आडवे झाले. सीटा काढायच्या तर खाली काय आहे ते बघायला हवं. आधी चालकाच्या बाजूने डोकं घातलं, मग दुसऱ्या बाजूने. मग परत पहिल्या. गाडीखालून आवाज आला, "हे काम कोणी केलंय हो?"

"आमच्या ह्यांनी. का? वाईट आहे?"

"वाईट? अहो, आम्ही घरी जाऊन बसावं असं आहे! या, इकडे बघा."

छोटी वाकली, काकू गुडघ्यावर बसल्या. चालकाच्या सीटखाली लाकडाची फळी होती, पालथ्या पंजाएवढी जाड. कोपरे गोल केलेले, वर पॉलिश, आवाज येऊ नये म्हणून खाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी. सीट त्या फळीवर बसवलेली.

"कारखान्यातून हे येत नाही," मास्तर म्हणाले. "ही नंतर घातलीय. सीट उंच करायला."

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याबरोबर रागही. "लबाड!" त्या ओरडल्याच. "म्हणून कडी लावून बसला होता! मला म्हणतो तुझ्यासाठी नाही गं ही गाडी, आणि खाली ही फळी! म्हणजे फळी नसती तर मी मावले असते. आयुष्यभर मला शेजारी बसवलं या माणसाने!"

"आई, अगं..."

"आई काय आई! तुझा बाप लबाड होता!"

"काकू, थांबा," मास्तर म्हणाले. "फळी नसती तरी तुमचे गुडघे अडकलेच असते. आणि रागवायच्या आधी दुसरी बाजू बघा. मी तीच बघत होतो."

दुसऱ्या बाजूला, काकूंच्या सीटखाली, काहीच नव्हतं. म्हणजे जे असायला हवं तेही नव्हतं. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्या कापून काढलेल्या, स्प्रिंगा काढून टाकलेल्या, बैठक थेट तळाला टेकवलेली. बोल्टची भोकं मूळ जागेपासून वीतभर मागे नेलेली, आणि मागची आडवी पत्र्याची भिंत कापून, मागे सरकवून, परत अशी जोडलेली की सांधा बोटाला लागत नव्हता.

"एवढी जागा या गाडीत कोणाला मिळत नाही," मास्तर म्हणाले. "ही सीट कोणीतरी उंच माणसाला मापून बसवलीय. पाय पसरता यावेत आणि डोकं खाली यावं म्हणून. मला कळेना, एक वर का केली आणि एक खाली का नेली. घड्याळजी उंचीला कसे होते?"

"माझ्याएवढे," छोटी म्हणाली. "अगदी माझ्याएवढे."

"मग बसा तुम्ही त्यांच्या जागेवर. काकू, तुम्ही तुमच्या. आणि आता कृपा करून ताठ बसा."

काकू बसल्या. ताठ बसायचं म्हणजे काय, त्या गाडीत त्यांच्या पाठीला ते माहीतच नव्हतं. हळूहळू कमान सोडली. पाठ टेकली. पाय पुढे गेले, आणि जातच राहिले, कुठे अडकेनात. इतक्या वर्षांत त्यांनी ते पाय कधी सोडलेच नव्हते. मास्तरांनी सुताराची लांब पट्टी आणली, मधल्या नळीत पाणी असलेली, आणि दोघींच्या डोक्यांवर आडवी ठेवली. नळीतला बुडबुडा जरासा हलला आणि मधोमध येऊन थांबला.

मास्तर पट्टी तशीच धरून उभे राहिले.

"घड्याळजीचं काम," मास्तर शेवटी हळूच म्हणाले.

काकूंना तो पहिला रविवार आठवला. दुकानाची काच. चार बोटं उंच दिसणारा नवरा, आनंदायचं सोडून सीटकडे बघत डोकं खाजवणारा. त्याचं माप चुकतंय कसं, हेच त्याला कळत नव्हतं! आणि कळलं तेव्हा काय सांगणार बिचारा? तुझी सीट खाली घेतलीय असं सांगायचं तर आपली वर केलीय हेही सांगावं लागणार. त्याचीही लाज. म्हणून नुसतं, "ताठ बस की गं." प्रत्येक रविवारी. आणि आपण प्रत्येक रविवारी, "मी आहे ती बरी आहे."

"सांगायचं तरी हो," काकू जणू घड्याळजींनाच म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "एकदा तरी सांगायचं! मी बसले असते की ताठ. माझी पाठ दुखायची हो सोमवारी, टँकरवर बसवत नसे. तुम्हीच तेल लावून द्यायचात ना? तेव्हा तरी सांगायचं!"

छोटीने आईचा हात धरला. तिलाही रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर हसूही.

जरा सावरल्यावर काकू गाडीतून उतरल्या. "मास्तर, राहू द्या. हात लावू नका. मी हे मोडणार नाही."

"मग चालवणार कशी?" छोटी म्हणाली. "आई, मग ती त्या माणसाकडे जाणार. तूच म्हणालीस."

"म्हणाले खरी."

मास्तर शहाणा माणूस. "मी जेवून येतो," म्हणाले, आणि डबा घेऊन निघून गेले. छोटीही बाहेर जाऊन उभी राहिली. काकू परत आपल्या सीटवर जाऊन बसल्या. शेजारच्या रिकाम्या खळग्याकडे बघत बसल्या. सीट काढली नाही तर गाडी परक्याच्या घरी जाणार, आणि तो पहिल्याच दिवशी फळी काढून फेकणार. काढली तर आपल्याच हाताने त्याचं काम मोडायचं. तो असता तर काय म्हणाला असता? वेगळं काय म्हणणार! या गाडीत तो आपल्याला एकच गोष्ट सांगत आला, आणि आपण ती कधी ऐकली नाही.

मास्तर ढेकर देत परतले तेव्हा काकू पदर खोचून उभ्या होत्या. "काढा. पण मी सांगते तसं. माझ्या सीटखाली ह्यांनी जे केलंय, तेच चालकाच्या बाजूला करायचं. जसंच्या तसं. जमेल?"

"त्यांच्याइतकं नाही जमणार. पण जमेल. पाठ पातळ करू, बैठक तळाला, भोकं मागे. नवा सांगाडा लागेल."

"सांगाडा नवा घाला. चामडं माझ्या सीटचं. आणि त्यांची सीट, खळग्यासकट, फळीसकट, शेजारी बसवायची. छोटी बसेल त्यावर. फळीला रंधा लावाल तर याद राखा."

मास्तरांनी वेळ घेतला. दोनदा बसवून काढलं, एकदा काकूंचा गुडघा लागत होता म्हणून, आणि एकदा काहीच लागत नव्हतं तरी मास्तरांना पटेना म्हणून. भिंतीवरच्या खडूच्या रेघा कोणाला पुसू दिल्या नाहीत. शेवटी काकू आत बसल्या, क्लच दाबला, ब्रेक दाबला, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गुडघे मोकळे. काचेची चौकट भुवयांच्या वर, समोर रस्ता. मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. छोटीने त्या जमवणाऱ्या माणसाला तिथूनच फोन लावला आणि गाडी विकायची नाही असं सांगून टाकलं.

रविवारी सकाळी थर्मास भरला. छोटी बापाच्या सीटवर बसली, जरा चुळबुळली, आणि तिच्या लक्षात आलं की खळगा तिला बरोबर बसतो. काकूंनी किल्ली फिरवली. चिमणी खोकली, शिंकली आणि चालू झाली. तो आवाज ऐकला मात्र, काकूंचे खांदे आपोआप पडले, पाठ वाकली, डोकं खाली गेलं. शेजारी बुटकं माणूस आणि हे इंजिन, एवढं त्या पाठीला पुरेसं होतं.

छोटीने बघितलं. लहानपणी ती दर रविवारी दारात उभी राहून या दोघांना निरोप द्यायची, आणि निघताना बाबा काय म्हणतात ते तिला पाठ होतं.

"आई," ती म्हणाली, "ताठ बस की गं."

"मी आहे ती बरी आहे" काकूंच्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. मग पाठ सीटला टेकवली, मान वर केली आणि गाडी सोडली. कोपऱ्यावर जुनं दुकान आलं. आता तिथे चपला मिळतात, पण काच तीच. काचेत लाल गाडी दिसली आणि तिच्यात दोन डोकी, अगदी एका रेषेत.

काकूंनी गाडी थांबवली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, वाजवू दे. त्या काचेकडे बघत राहिल्या, डोळे भरून वाहायला लागले तरी पुसले नाहीत.

"बसले हो," त्या म्हणाल्या. "बघा, बसले ताठ."

मग गिअर टाकला आणि चिमणी तळ्याच्या रस्त्याला लागली.